उन्हाळ्यात किनाऱ्याजवळ गरवायला जायचे तर कोठे? खानदेशातून निघणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

एप्रिल उजाडला की जळगाव-भुसावळचा पारा चाळिशीच्या वर जातो, मुलांच्या परीक्षा संपत येतात, आणि ज्या घरात गिरणा, तापी किंवा पांझरेच्या डोहात गळ टाकण्याचा नाद पिढीजात आहे त्या घरात एक प्रश्न हमखास निघतो: यंदा होडी ठरवून समुद्रात गरवायला जायचे का, आणि जायचे तर कोठे? गेल्या काही वर्षांत मी हा प्रवास तीन वेगवेगळ्या किनाऱ्यांवर केला आहे आणि अमळनेर, चोपडा, शिरपूर भागातील बऱ्याच मंडळींनी मला हाच प्रश्न विचारला आहे. प्रत्येकाला तोंडी सांगताना काही ना काही सुटते, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. किनाऱ्यापासून फार तर ४-५ किलोमीटरच्या आत, भाड्याच्या लहान होडीतून, ३-४ तास गळाने मासे धरणे, एवढाच या आढाव्याचा विषय आहे. खोल समुद्रातील रात्रभराच्या फेऱ्यांचा विचार येथे केलेला नाही.

आरंभीच सांगतो की आपल्याकडचे बहुतेक लोक किनारा अंतरावरून ठरवतात, आणि चूक तेथेच होते. होडीत बसल्यावर किती किलोमीटर आलो याला काही अर्थ उरत नाही. तेथे दोनच गोष्टी कामाच्या असतात, पाणी किती स्वच्छ आहे आणि त्या दिवशी ते किती वेगाने वाहते आहे.

अंतराचाच हिशेब केला तर आपल्याला सर्वांत जवळचा समुद्र सुरतेचा आहे. नंदुरबारहून सुरत दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर, जळगावहून तीनशेच्या थोडे पुढे, आणि भुसावळ-सुरत मार्गावर गाड्याही भरपूर. आपली तापी तेथेच डुमसजवळ समुद्राला मिळते, त्यामुळे तो किनारा आपलाच वाटतो. तरीही गळाने मासे धरण्यासाठी मी तेथे जाण्याचा सल्ला कोणालाही देणार नाही. खंबातच्या आखातातील भरती-ओहोटी देशात सर्वांत मोठी मानली जाते. भावनगरकडे पाण्याची पातळी १० मीटरच्या घरात वरखाली होते, आणि त्या ओढीने तापी, नर्मदा, मही या नद्यांनी आणलेला गाळ सतत ढवळला जात असल्याने पाणी बाराही महिने चहासारखे दिसते. अशा पाण्यात माशाला आमिष दिसत नाही, दोरीला वजनासाठी बांधलेले शिसे तळावर ठरत नाही आणि लहान होडी नांगरावर स्थिर राहत नाही. डुमसला घरच्यांना घेऊन समुद्र पाहायला अवश्य जावे, गरवण्यासाठी मात्र दक्षिणेकडेच निघावे.

म्हणजे खरी निवड तीन ठिकाणांमध्ये आहे: रायगडातील अलिबाग ते मुरुड हा पट्टा, रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णे-दापोली, आणि सिंधुदुर्गातील मालवण-तारकर्ली-देवबाग.

अलिबाग ते मुरुड

शनिवार-रविवारला एखादी रजा जोडून जाणाऱ्यांसाठी हा एकच किनारा व्यवहार्य आहे. धुळ्याहून आग्रा रोडने मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास पडते. तेथून रस्त्याने अलिबागला जाता येते किंवा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत गाडीच चढवता येते. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील तर तिच्यामुळे प्रवासाचा शीण बराच कमी होतो.

मासेमारीच्या दृष्टीने या किनाऱ्याचे स्वरूप खाड्यांचे आहे. रेवदंड्याला कुंडलिकेची खाडी, मुरुडच्या दक्षिणेला राजपुरीची खाडी, आणि त्यांच्या मुखांवर रेतीचे दांडे. पाणी सुरतेइतके गढूळ नसले तरी गढूळच. चकचकीत खोटे आमिष फेकून मोठा मासा लागेल ही आशा येथे धरू नये. ताजी कोळंबी किंवा बोंबलाचा तुकडा गळाला लावून, शिसे तळाला टेकवून वाट पाहणे हीच येथील रीत आहे. शिंगाळा सर्वांत जास्त लागतो, पाकट लागते, आणि नशीब असेल तर रावस किंवा खाडीच्या तोंडावरचा जिताडा. जिताडा हा अलिबागकरांच्या अभिमानाचा मासा, परंतु पाहुण्याच्या गळाला तो पहिल्याच फेरीत लागेल असे समजून जाऊ नये.

शिंगाळ्याबद्दल एक सूचना येथेच देतो, कारण आपल्याकडे धरणातला शेंगट हाताळण्याची सवय असते आणि माणूस बेसावध राहतो. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक असे तीन काटे असतात. त्यांना विष असते आणि काटा रुतला की हात तासन्‌तास ठणकतो. मासा चिमट्याने किंवा जाड फडक्याने धरावा, आणि मुलांच्या गळाला तो लागला तर तांडेलालाच, म्हणजे होडी चालवणाऱ्यालाच, काढू द्यावा.

या किनाऱ्यावरचा माझा पहिला अनुभव वाईट होता, आणि त्यातूनच मी जे शिकलो ते पुढे पंचांगाच्या भागात सांगणार आहे. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही पाच जण एका खाडीतून सकाळी साडेसहाला निघालो. होडीवाल्याने तारखेबद्दल चकार शब्द काढला नव्हता. खाडीबाहेर नांगर टाकला तेव्हा पाणी इतक्या जोराने ओसरत होते की पावशेराचे शिसेही तळाला टेकत नव्हते. पाचही दोऱ्या होडीमागे आडव्या तरंगत राहिल्या, एकमेकींत गुंतल्या, आणि सगळी सकाळ तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सोडवण्यात गेली. नऊच्या सुमारास परतताना होडी खाडीच्या तोंडावरील रेतीत बसली. पाणी पुन्हा चढेपर्यंत दीड तास आम्ही उन्हात बसून होतो. बरोबर नेलेले पिण्याचे पाणी संपले होते आणि माझ्या पुतण्याला उलट्या होत होत्या. त्या होडीवाल्याला त्या दिवसाचे पाणी कसे असणार हे निश्चित ठाऊक होते, आणि तरीही त्याने पैसे घेऊन आम्हाला नेले, याचा राग मला आजही आहे.

हर्णे-दापोली

या किनाऱ्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण गरवण्याच्या हिशेबाने तो अधलामधला आहे. जळगावहून रस्ता साडेपाचशे-सहाशे किलोमीटरचा आणि शेवटचा टप्पा घाटाचा असल्याने दोन दिवसांत जाऊन येणे होत नाही. आणि चार-पाच दिवस काढायचेच असतील तर मालवण अधिक देते. हर्णे हे मुख्यतः व्यावसायिक मासेमारीचे मोठे बंदर आहे. संध्याकाळी किनाऱ्यावर होणारा माशांचा लिलाव आणि समोरचा सुवर्णदुर्ग पाहण्यासाठी तेथे जरूर जावे. ज्यांच्या घरातील निम्म्या मंडळींना गळात रस नाही अशा कुटुंबांना दापोली सोयीची पडते, कारण हवा बरी असते आणि पाहण्यासारखे पुष्कळ आहे. जवळच्या आंजर्ले आणि वेळासच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत पिल्ले समुद्रात जाताना दिसतात. त्या किनाऱ्यांवर रात्री दिवे घेऊन फिरू नये.

मालवण-तारकर्ली-देवबाग

मालवण लांब आहे हे मान्य करूनच पुढे लिहितो. जळगावहून रस्त्याने सातशे किलोमीटरहून अधिक. दिल्लीहून एर्नाकुलमला जाणारी मंगला एक्सप्रेस भुसावळ, जळगाव, नाशिकरोड, पनवेल करत कोकण रेल्वेने रत्नागिरीकडे उतरते, आणि आपल्यासाठी तीच खरी सोय आहे. मालवणला जाण्यासाठी कुडाळ किंवा कणकवली ही स्थानके जवळची, त्यामुळे थांबे पाहून तिकीट काढावे आणि उन्हाळी सुट्टीचे आरक्षण खिडकी उघडताच करावे. जाण्यायेण्याचे दोन दिवस धरून किमान पाच दिवस हाताशी असतील तरच हा बेत आखावा.

एवढा प्रवास कशासाठी, तर पाण्यासाठी. रायगडच्या मानाने येथील पाणी स्वच्छ आहे, तळ खडकाळ आहे, आणि भरती-ओहोटीतील फरक मुंबईकडच्या साधारण निम्माच असतो. त्यामुळे लहान होडी नांगरावर नीट उभी राहते, शिसे टाकले तेथेच राहते, आणि माशाला आमिष दिसते. खडकांच्या कडेला तांबोशी आणि गोबरा, मधल्या पाण्यात बांगडा, वरच्या पाण्यात टोळ, आणि होडी सावकाश चालवत मागे आमिष ओढत नेले तर एखादी सुरमई, असे वैविध्य किनाऱ्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर मिळते. तरीही सुरमई डोक्यात ठेवून जाऊ नये. तिचा खरा हंगाम पावसाळ्यानंतरचा. उन्हाळ्यात लागली तर उत्तम, परंतु त्या आशेवर चार तास होडी पळवत राहिलात तर इंधन जळते आणि मुले कंटाळतात.

मला आठवते ती देवबागच्या बाजूची एक पहाट. सूर्य अजून डोंगराआड होता आणि पाणी इतके स्थिर होते की होडीच्या कडेवरून वाकून पाहिले तर खडकावरचे शेवाळ दिसावे. रॉड बाजूला ठेवून तांडेलाने माझ्या हातात नुसते तंगूस दिले, ते तर्जनीवरून कसे घ्यायचे ते दाखवले आणि तो गप्प बसला. बराच वेळ काही घडले नाही. मग बोटावर दोन हलके टोके बसले, जणू कोणी नखाने दार वाजवावे. मी लगेच हात वर उचलला आणि गळ रिकामा आला. "गिळूक द्या, मगे वढा," एवढेच तो म्हणाला. दुसऱ्या वेळी टोके बसले तेव्हा मी श्वास रोखून थांबलो. दोरी एका बाजूला सरकू लागली, आणि ओढल्यावर जी ताकद हाताला जाणवली ती धरणातल्या कोणत्याही माशाची नव्हती. वर आली ती हातभर लांबीची तांबोशी. पहिल्या उन्हात तिचा रंग पिकल्या मिरचीसारखा लालभडक दिसत होता, आणि तर्जनीवर तंगुसाचा वळ संध्याकाळपर्यंत राहिला.

मालवणच्या बाबतीत एक बंधन मनापासून पाळावे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्याचे एकूण क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून त्यातील किल्ला आणि पद्मगडाभोवतीचा सुमारे ३ चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र म्हणून राखलेला आहे. प्रवाळ आणि माशांची पिल्ले तेथेच वाढतात. गळ त्या हद्दीबाहेरच टाकायचा आहे हे होडी ठरवतानाच स्पष्ट सांगावे. आपण पाहुणे आहोत आणि आपल्यासाठी हा छंद आहे, परंतु किनाऱ्यालगतच्या याच पाण्यावर तेथील रापणकरांची (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्यांची) आणि लहान होडीवाल्यांची चूल पेटते. कोणाच्या जाळ्याच्या बोया दिसल्या तर होडी लांबूनच न्यावी. लहान मासा लागला तर हात ओले करून गळ काढावा आणि त्याला परत सोडावे. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली आहे आणि सुरमई-बांगड्यासारखे ओळखीचे मासे त्यात आहेत.

पंचांग उघडून दिवस ठरवावा

आता त्या फसलेल्या सकाळीकडे वळतो. समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत, पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा फरक सर्वांत कमी असतो, त्याला कोळी मंडळी भांग म्हणतात. भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब फार सोपा आहे. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणावे. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण म्हणजे ३, अर्थात दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सकाळी व रात्री नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. मुंबई-अलिबागसाठी हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. मालवणला भरती त्याहून काहीशी आधी येते.

हे ताडून पाहिले की आमचे काय चुकले ते लगेच कळते. आखाजी म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया, अमावास्येपासून तिसरा दिवस, म्हणजे ऐन उधाण. दुसऱ्या दिवशी चतुर्थी, सकाळी नऊला पूर्ण ओहोटी, आणि आम्ही नेमके नऊला खाडीच्या तोंडावर! खानदेशातील घरे आखाजीला भरलेली असतात, लेकी-जावई आलेले असतात, आणि सण उरकला की सगळे मिळून कोठे तरी जाऊ असा बेत दरवर्षी होतो. तो बेत फक्त चार-पाच दिवस पुढे ढकलावा. अष्टमीला पहाटे सहाच्या सुमारास पूर्ण भरती असते, खाडीतून होडी सहज बाहेर पडते, पाणी संथ असते आणि ऊन चढण्याआधी दहापर्यंत परत येता येते. रायगडला जायचे असेल तर हा नियम मोडूच नये. मालवणला तो थोडा सैल धरला तरी चालतो, आणि त्या किनाऱ्याचा हा मोठाच फायदा आहे.

तिथीइतकाच महत्त्वाचा महिना. एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे हलके वाहतात आणि पाणी शांत असते. दुपारी खारे वारे सुटले की लाटा उठतात, म्हणून उन्हाळ्यात दुपारची फेरी कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नये. मेच्या उत्तरार्धात नैऋत्येकडून मोठ्या लाटा येऊ लागतात. तौक्ते चक्रीवादळ मे २०२१ च्या मध्यावर कोकण किनाऱ्याजवळून गेले आणि निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, हे लक्षात ठेवून वीस मेनंतरचा बेत आखू नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि पर्यटकांच्या होड्या मेच्या अखेरीस बंद होऊ लागतात. त्यामुळे केळीची कापणी किंवा बागायती कापसाची लागवड उरकून जाऊ म्हणणाऱ्या रावेर-चोपड्याच्या शेतकऱ्यांनी हंगाम हुकला असे समजावे आणि दिवाळीनंतरचा विचार करावा. निघण्याच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या इंकॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज मोबाइलवर पाहावा. लाटा दीड मीटरच्या वर सांगितल्या असतील तर लहान होडीत बसू नये, मग पैसे बुडाले तरी चालतील.

होडी ठरवताना

भाडे बहुधा माणशी नसून संपूर्ण होडीचे असते, म्हणून चार-पाच जण मिळून जाणे परवडते. सहापेक्षा जास्त माणसे मात्र एका लहान होडीत घेऊ नयेत, दोऱ्या गुंततात. इंधन, आमिष, गळ-दोरी आणि बर्फ भाड्यात धरले आहेत का, पकडलेले मासे कोणाचे, आणि हवा बिघडली तर आगाऊ रक्कम परत मिळेल का, हे फोनवरच विचारून घ्यावे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न परवान्याचा आहे. मासेमारीसाठी नोंदवलेल्या होडीला प्रवासी नेण्याची परवानगी असतेच असे नाही, तेव्हा प्रवासी वाहतुकीचा परवाना दाखवा असे सरळ म्हणावे. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला झालेला अपघात सर्वांनी पाहिला आहे. लाइफ जॅकेट मोजून घ्यावीत, मुलांच्या मापाची वेगळी मागावीत, आणि किनारा सुटण्यापूर्वीच अंगावर चढवावीत. त्या दिवसाचे पाणी कसे आहे असे विचारल्यावर जो तांडेल तिथी सांगून, उधाणाचे की भांगाचे ते समजावून उत्तर देतो त्याची होडी घ्यावी. 'या, मासा मिळेल' एवढेच जो म्हणतो त्याची घेऊ नये.

आपल्याकडच्या माणसाला एक गोष्ट विशेषकरून सांगावी लागते. ४४ अंशांत वावरणाऱ्याला किनाऱ्यावरचे ३४ अंश काहीच वाटत नाहीत, परंतु तेथील दमट हवेत घाम वाळत नाही आणि थकवा कळायच्या आत येतो. माणशी किमान दोन लिटर पाणी, मीठ-साखर, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा हवाच. ज्यांना एसटी लागते त्यांना होडीही लागते, आणि चालत्या होडीपेक्षा नांगरावर डोलणाऱ्या होडीत अधिक लागते. डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी, आदल्या रात्री झणझणीत शेवभाजी टाळावी, आणि सकाळी रिकाम्या पोटी न जाता एखादी दशमी खाऊन निघावे. लहान होडीत स्वच्छतागृह नसते, त्यामुळे वयस्कर मंडळी बरोबर असतील तर फेरी तीन तासांचीच ठरवावी.

मासे घरी आणायचे असतील तर अलिबागहून ते जमते. आतडी काढून, माशांच्या वजनाइतकाच बर्फ घालून डबा बंद केला आणि वाटेत नाशिकला बर्फ बदलला तर रात्रीपर्यंत धुळ्याला ताजे पोचतात. मालवणहून मे महिन्यात तो खटाटोप करू नये. जेथे उतरला असाल तेथील घरातच ते रांधून घ्यावेत, तिरफळे घातलेली बांगड्याची आमटी तशीही आपल्या काळ्या मसाल्यात होत नाही.

ज्यांनी कधीच गळ धरलेला नाही त्यांनी जाण्याआधी एक-दोन रविवार हतनूर किंवा गिरणा धरणावर, तेथील मच्छीमार संस्थेची परवानगी घेऊन, गाठ मारण्याचा आणि दोरी हातावर घेण्याचा सराव करावा. त्यानंतर दोन-तीन दिवसच असतील तर अष्टमी गाठून रेवदंडा-मुरुड, आणि पाच दिवस असतील तर एप्रिलमधले मालवण. मी स्वतः येत्या आखाजीनंतर पुतण्याला घेऊन पुन्हा रेवदंड्याला जाणार आहे, आणि या वेळी दिनदर्शिकेवर अष्टमीभोवती त्यानेच खूण केली आहे.